विसर्जनानंतरचे एकवीस दिवस

सुधीर,

पाण्याच्या शुद्धतेसाठी ज्याने आयुष्य वेचलं, तो पाण्यासारखाच अमर असतो.

हे वाक्य माझं नाही. तुझ्या तेराव्यानंतरच्या रविवारी देवासला मराठी समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथे तुझ्या कंपनीच्या जनरल मॅनेजरांनी ते कागदावरून वाचलं. मूळ हिंदीत होतं. भाषांतर माझं, त्यामुळे थोडं साधं झालं आहे. ज्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं तिथे अमरत्वाला पाण्याची उपमा देणं धाडसाचं होतं, पण कुणी हललं नाही. वाचून झाल्यावर साहेब बाटलीतलं पाणी प्याले आणि खाली बसले. तुझा फोटो मात्र चांगला होता. बराच जुना असावा, केस होते.

मलाही बोलायला सांगत होते. मी नको म्हणालो, तेव्हा सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. दुःखाने माझा आवाज फुटत नव्हता, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीत तुझी वही होती, आणि चार दिवसांनी ती कमिटीपुढे ठेवायची की नाही हे माझं ठरलं नव्हतं. ठेवली तर पाणी शुद्ध करायची तुझी टाकी जाणार होती. न ठेवली तर ती खोट्या आकड्यांवर उभी राहणार होती. अशा वेळी माणसाने दिवंगताबद्दल चार शब्द बोलू नयेत.

आपलं भांडण तसं जुनं. इंदूरला एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सुरू झालं. तू देवासचा, तुझे वडील साताऱ्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले. मी धारचा, आमच्या घरी पणजोबांपासून सगळे संस्थानचे कारकून, आणि त्या कारकुनीचा अभिमान अजून उतरलेला नाही. तू पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलास तेव्हा आईला म्हणालास, “काकू, मी हात धुऊन राहिलोय, तुम्ही ताट लावून घ्या.” आई मला आत बोलावून हळूच म्हणाली, “मुलगा चांगला आहे हो. मराठी कुठे शिकला?” पुढे सगळा जन्म तू मला इंदुरी थाटात भिया, म्हणजे भैया, म्हणालास आणि मी तुझी वाक्यं दुरुस्त केली. दोघांपैकी कुणीही सुधारलं नाही.

पुढे तू कापड रंगवण्याच्या कारखान्यात लागलास आणि मी पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत. म्हणजे तू पाणी सोडायचास, आणि मी ते बाटलीत भरून, लाखेने सील करून, तुझीच सही घेऊन न्यायचो. सही करताना तू दर वेळी विचारायचास, “चहा घेणार, की त्याचंपण सॅम्पल?”

एकदा मी तुला नाल्याकाठच्या एका विहिरीवर नेलं होतं. पाणी फिकट गुलाबी होतं. त्या वर्षी तुमच्याकडे त्याच रंगाचं कापड चाललं होतं. विहिरीचे मालक, पागोटं बांधलेले म्हातारे, तुझ्याकडे न बघता मला म्हणाले, “साब, भैंस सूंघी ने पाछी फिरी जाय.” म्हैस पाणी हुंगून परत फिरते, ही साक्ष तू ऐकून घेतलीस. परतताना गाडीत म्हणालास, “यांचे दोन पोरं आपल्याकडेच आहेत, भिया. डाइंगमध्ये. कारखाना बंद केला तर विहीर साफ होईल. मग त्या विहिरीत ते काय बघतील?”

मी म्हणालो, “पाणी.”

त्या उत्तराचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आता तेवढा नाही.

टाकी त्याच्यानंतरची. मी तुला कधी सांगितलं नाही, पण मला वाटतं ती त्या विहिरीतूनच निघाली. रंग खाणारे जंतू तू नाल्याच्याच चिखलातून शोधलेस. जे त्या पाण्यात मरत नाहीत ते त्याच्यावरच जगत असणार, असा तुझा तर्क. शेण आणि गूळ घालून तू त्यांना वाढवलंस. कारखान्याच्या स्टोअरमध्ये गुळाच्या ढेपा यायला लागल्या तेव्हा कँटीनवाला खूश झाला. तू त्याला सांगितलंस, हा जावयांचा आहे, हात लावू नको. तेव्हापासून सगळा कारखाना जंतूंना जावई म्हणायला लागला. जावयांना थंडी बाधली. जावई रुसलेत. आज जावई मेजवानीला बसलेत. टाकीत जांभळं पाणी जायचं आणि खालच्या नळातून आधी पातळ चहासारखं, मग हळूहळू साध्या पाण्यासारखं यायला लागलं. मी ते तपासलं. तीनदा तपासलं. ते बरोबर होतं. तुला मात्र एवढंच म्हणालो, “बघू, पावसाळ्यात काय होतं.”

नियम टाकीच्या बाजूचा नव्हता. देवासची टाकी प्रयोग म्हणून चालत होती, पण मोठ्या कारखान्याला अट अशी होती की रंगाचं पाणी बाहेर सोडायचंच नाही. उकळून आटवायचं आणि तळाशी उरलेलं मीठ पोत्यांत भरून ठेवायचं. तू म्हणायचास, “उकळायला कोळसा लागतो. म्हणजे नाल्यातली घाण उचलायची आणि आकाशात पाठवायची. तिथे तुझी बाटली पोचत नाही म्हणून?” मी म्हणायचो, “हवेचा विभाग वेगळा आहे.” हे मी गमतीने म्हणत नव्हतो. विभाग खरंच वेगळा होता, वरच्या मजल्यावर.

मांडूलाही आपण हेच भांडलो. दोघांच्या बायका पानात भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ घेऊन सावलीत बसल्या होत्या, आणि तू दगडात कोरलेल्या नागमोडी पन्हळीपुढे उकिडवा बसून बोटाने तिची वळणं मोजत होतास. पाणी असं फिरवत नेलं की गाळ खाली बसतो, हे त्या लोकांना तेव्हा कळत होतं, असं तू मला गाइडच्या आवाजात सांगितलंस. मग विचारलंस, “यांना कुणाचं संमतीपत्र होतं?”

“नव्हतं. म्हणून आता इथे माकडं राहतात.”

“तुझ्यासारखा एक अफसर असता ना, तर माकडांनापण जागा मिळाली नसती. कुछ बनताच नाही.”

शुभदावहिनी तिथूनच म्हणाल्या, “आधी जेवून घ्या. मग बुडवा राज्य.”

मी निवृत्त झाल्यावर मला एका तज्ज्ञ समितीवर घेतलं. नव्या पद्धतींना नियमातून सूट द्यायची की नाही, हे ती समिती ठरवते. त्याच सुमाराला तुझ्या कंपनीने पिथमपूरला, म्हणजे आमच्या धार जिल्ह्यात, देवासच्या कितीतरी पट मोठा कारखाना काढायचं ठरवलं. तिथे पाणी उकळायचं नव्हतं. तुझी टाकी बांधायची होती. मी अध्यक्षांना लेखी कळवलं की ही पद्धत काढणारा माणूस माझा मित्र आहे. ते म्हणाले, “मालवा में कौन किसका दोस्त नहीं है? बैठिए.”

कमिटीला हवं होतं ते एवढंच: देवासच्या टाकीचे पूर्ण वर्षाचे रोजचे आकडे, पावसाळा धरून. फाइल आली. वर्षभराचे आकडे वर-खाली होत होते, जसे खरे आकडे होतात. गणपती विसर्जनानंतरचे एकवीस दिवस मात्र शाळेच्या कवायतीसारखे एका रांगेत उभे होते. एकही आकडा जागचा हलत नव्हता. तुझ्या हातून असे आकडे निघणं शक्य नाही, हे मला पहिल्या नजरेत कळलं. आणि खाली सही तुझी होती.

मी तुला फोन केला.

“सुधीर, विसर्जनानंतरचे एकवीस दिवस कुठून आले?”

मागे कुकरची शिटी झाली.

“फोनवर नाही सांगत, भिया. रविवारी धारला येतो.”

“मला घरी नको सांगू. तुला बोलावणं गेलंय, कमिटीपुढे येऊन सांग.”

“ऐकून तर घे यार.”

“आकडे खरे आहेत का? हो किंवा नाही, एवढंच बोल.”

“तू अजून सॅम्पलच घेऊन राहिलास,” तू म्हणालास, आणि फोन ठेवलास.

मी ‘घेतोयस’ असं दुरुस्त करणार होतो. ते राहिलं.

शनिवारी सकाळी दाढी करता करता तू खाली बसलास, आणि चहा गार होतोय म्हणून वहिनी बाहेरून हाका मारत राहिल्या. रविवारी तू धारला येणार होतास. त्याऐवजी तुझ्या दहनाला मी देवासला आलो.

तेराव्याला पानं उठल्यावर वहिनींनी मला वही दिली. “यांनी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली होती.” दोनशे पानी, शाळेतल्या मुलांची असते तशी. कव्हरवर नाव लिहायच्या जागी ‘भिया’ लिहिलं होतं. परतताना बसमध्ये मी ती वाचली.

कंपनीच्या गणेशोत्सवाचा सेक्रेटरी म्हणून तुला कितीतरी वर्षं झाली होती. तलावात मूर्ती बुडवायला बंदी आली. ती योग्यच होती, मी स्वतः तिच्या बाजूने टिपण लिहिलं होतं. मग मूर्ती कुठे न्यायची असा प्रश्न कंपनीच्या मंडळापुढे आला. जनरल मॅनेजरांना उत्तर सुचलं: आपली टाकी आहे की. ‘हरित विसर्जन’ असा फलक लागला, फोटोवाला आला, प्रमुख पाहुणे ठरले. मूर्ती शाडूची, रंग हळदी-कुंकवाचे, निर्माल्य वेगळं, अशी तू सगळी काळजी घेतलीस. ‘जावयांना मातीचं वावडं नाही,’ असं वहीत लिहिलं आहेस. पण पाहुण्यांना टाकीचा वास येऊ नये म्हणून सकाळीच कुणीतरी तिच्यात दोन पोती ब्लिचिंग पावडर ओतली. ती स्टोअरमधून काढायच्या चिठ्ठीवर सही तुझी. गुलाल, नारळ, दोर, पावडर, असा तो गठ्ठा. तू काखेत झांजा धरून त्यावर सह्या केल्या होत्यास, न वाचता. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस तू. देवाच्या कामात कशाला वाचायचं, असं वाटलं असेल.

मग एकवीस दिवस. रोजची तारीख, वेळ, आकडे, आणि खाली एखादी ओळ.

‘जावई गेले. सगळे. माझ्या सहीने.’

‘पाणी जांभळं. जी.एम.ना म्हटलं डाइंग थांबवा. म्हणाले ऑर्डर आहे.’

‘नाल्याचा चिखल आणला. शेण, गूळ. पहिल्यापासून.’

‘थोडी हालचाल वाटते. रंग तसाच.’

त्या दिवसांतलं पाणी कुठे गेलं तेही लिहिलं आहेस: नाल्यात. विहिरीचा उल्लेख नाही. माझ्यासाठी लिहीत होतास, त्यामुळे गरज नव्हती. एकविसाव्या दिवशी: ‘नळाखाली पांढरा रुमाल धरला. पांढराच राहिला.’

शेवटच्या पानावर अक्षर बदललं आहे. ‘कंपनीने फाइलीत दुसरे आकडे घातलेत. सहीला आली तेव्हा बघितले. सही केली. पिथमपूर होऊन जाऊ दे, मग सांगू असं वाटलं. भियाला सांगायला पाहिजे. तो आधी ओरडेल.’

मी ओरडलो नसतो, असं इथे लिहायचा मोह होतो. ओरडलो असतो.

शोकसभेनंतर हॉलच्या पायऱ्यांवर तुझ्या ईशाने मला गाठलं. बापाच्याच कंपनीत आहे, पिथमपूरच्या कामावर. वहीत काय आहे ते तिला माहीत होतं.

“काका, वही कमिटीला देणार तुम्ही?”

“ठरलं नाही.”

“दिली तर सगळे म्हणतील बाबांची प्रोसेस फेल झाली. आणि कंपनी म्हणेल, खोटे आकडे यांनीच दिले. सही तर त्यांचीच आहे.”

“म्हणेल.”

“जी.एम. पिथमपूरच्या टाकीला बाबांचं नाव देऊन राहिलेत. हे ऐकलं त्या दिवशी आई पहिल्यांदा नीट जेवली.”

“नाव कुठल्या टाकीला देतायत, ईशा? जी एक दिवसही बिघडली नाही, तिला. ती तुझ्या बाबांनी बांधलेली नाही.”

“तुम्हाला नेहमी बरोबरच राहायचं असतं ना,” ती म्हणाली. तिचं मराठी तुझ्याहून कच्चं आहे, पण हे वाक्य तिने एकही चूक न करता म्हटलं.

जनरल मॅनेजरांचाही फोन आला. दिवंगत आत्म्याला वादात ओढू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. तो आत्मा वादातच वाढलेला होता, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. शेवटी मी वहिनींनाच विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “मी उघडून पाहिलेली नाही. पण यांना लपवायची असती तर तुमच्यासाठी कशाला काढून ठेवली असती?” आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. त्यांना उत्तर येत होतं. मलाही येत होतं. मी फक्त दुसऱ्या कुणी ते म्हणायची वाट बघत होतो.

बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्षांनी तुझं नाव घेतलं आणि सगळे दोन मिनिटं उभे राहिले. ती दोन मिनिटं जरा लवकर संपली. मग मी वही टेबलावर ठेवली आणि एकवीस दिवस वाचून दाखवले, हिंदीत सांगत सांगत. आकड्यांना आवाज नीट राहिला. रुमालाच्या ओळीला थांबून पाणी प्यावं लागलं.

मी म्हणालो, फाइलीतले आकडे खोटे आहेत, तेव्हा आज पिथमपूरला सूट देता येत नाही. वहीतले खरे आहेत, आणि ते फाइलीतल्यांपेक्षा चांगले आहेत. फाइलीत कधीच न बिघडणारी टाकी आहे. वहीत आहे ती मेली आणि एकवीस दिवसांत पुन्हा उभी राहिली. कारखान्याला ही दुसरी लागते, कारण कारखान्यात पाहुणे येतात. कंपनीचा वकील म्हणाला की मृत कर्मचाऱ्याच्या खाजगी वहीला पुरावा मानता येणार नाही. अध्यक्षांनी ती हातात घेतली, चाळली आणि बराच वेळ परत दिली नाही.

ठरलं ते असं. देवासच्या टाकीची आणखी एका पावसाळ्याची परीक्षा, आकडे बाहेरच्या प्रयोगशाळेने घ्यायचे. टाकीच्या आवाराला कुलूप, म्हणजे कुणी परस्पर काही ओतायचं नाही. खोट्या आकड्यांबद्दल आणि त्या एकवीस दिवसांच्या पाण्याबद्दल कंपनीला नोटीस. पास झाली तर पिथमपूर. तोवर काम बंद.

काम बंद म्हणजे तिथे लागणारी माणसं बंद. आमच्या गल्लीत निसरपूरचा एक वेल्डर राहतो. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा उठून इकडे आला. त्याचं पिथमपूरला नक्की झालं होतं. परवा सकाळी फाटकाशी उभा राहून त्याने नम्रपणे विचारलं, “साब, वो फैक्ट्री कब तक?” मी म्हणालो, पावसाळ्यानंतर बघतील. त्याने मान हलवली. विकासासाठी एकदा उठलेला माणूस आता पर्यावरणासाठी थांबला आहे, आणि दोन्ही वेळा निरोप सांगणारा माणूस पगारी किंवा पेन्शनवाला होता. तू असतास तर हेच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं असतंस. मला ते स्वतः लिहावं लागतंय.

मी बरोबर केलं का, हे आपण भांडून ठरवलं असतं. एकट्याने ते जमत नाही. मी दोन्ही बाजूंनी बोलून बघतो, पण तुझ्या बाजूला मुद्दाम कच्चे मुद्दे देतो आणि जिंकतो. गाडीतल्या माझ्या ‘पाणी’ या उत्तराला तुझ्याकडे नंतर काहीतरी सुचलं असणार. ते काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ‘रविवारी ये’ म्हणायला हवं होतं. त्या दोन शब्दांत नियमभंग कुठेच नव्हता. आणि टाकीचं पाणी मी तीनदा तपासलं ते संशयाने नाही. पहिल्याच वेळी खात्री झाली होती. पुन्हा पुन्हा बघावंसं वाटलं, म्हणून.

ईशा अजून माझा फोन घेत नाही. वहिनी घेतात. देवासला जावयांसाठी गूळ कोण घालतं ते मी विचारलं. म्हणाल्या, ईशाच जाते, सुटीच्या दिवशी.

बैठकीचं इतिवृत्त काल आलं. ठराव बरोबर उतरले आहेत. पहिल्या पानावर मौनाची नोंद आहे, तुझं पूर्ण नाव आणि ‘स्वर्गीय’ सकट. दुसऱ्या पानावर त्या दिवशी म्हणणं मांडायला बोलावलेल्यांची यादी आहे. तुझ्या नावापुढे लिहिलं आहे: ‘बिना पूर्व सूचना के अनुपस्थित.’